कारखान्यातील शिकाऊ उमेदवार

मोठ्या कारखान्यात ठरावीक मुदतीचा करार करून, विद्यावेतन घेत, प्रत्यक्ष यंत्रापाशी उभे राहून काम शिकणारा तरुण म्हणजे शिकाऊ उमेदवार. कारखान्यात आणि गावाकडच्या घरी त्याला ‘अप्रेंटिस’ याच नावाने ओळखतात. त्याच्याकडे आयटीआयचे प्रमाणपत्र असते, अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी असते, कधी नुसते दहावी-बारावीचे गुणपत्रक असते. पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, अंबड, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतींच्या फाटकांतून दरवर्षी अशी हजारो मुले आत जातात. अंगावर गणवेश, पायात सेफ्टी शूज, गळ्यात ओळखपत्र, वाट्याला आलेली पाळी हे सगळे कामगारासारखेच असते. कायद्याने मात्र ती कामगार नसतात, शिकायला आलेली असतात. अप्रेंटिसच्या आयुष्यातील बहुतेक सुखदुःखे एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात: कंपनी त्याला शिकवते की नुसते राबवून घेते?

उस्तादाच्या हाताखाली राहून काम शिकण्याची रीत आपल्याकडे जुनीच. सुतार, लोहार, तांबट, सोनार असेच तयार होत आले. लेखी कायदा आला तो १८५० मध्ये, आणि त्याचा रोख मुख्यतः अनाथ व गरीब मुलांना एखाद्या धंद्याला लावण्यावर होता. १० ते १८ वयाच्या मुलाला त्याचा बाप किंवा पालक जास्तीत जास्त सात वर्षांसाठी उमेदवार म्हणून बांधून देऊ शकत असे. मुलाच्या बाबतीत ही मुदत एकविसाव्या वर्षापलीकडे जात नसे आणि मुलीच्या बाबतीत तिच्या लग्नापलीकडे. पुढे परळ आणि माटुंग्याचे रेल्वे वर्कशॉप, खडकीचा दारूगोळा कारखाना अशा ठिकाणी यंत्रकाम जाणणाऱ्या पिढ्या घडत गेल्या. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा तिथे तंत्र शिकलेला माणूस मिळणे अवघडच होते. आसपासच्या खेड्यांतील माणसांना हाताशी धरून त्यांना ओतकाम, कातकाम, जोडकाम शिकवावे लागले. महाराष्ट्राच्या उद्योगाचा पाया बऱ्याच अंशी अशा, कामावरच शिकलेल्या माणसांनी घातलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर कारखानदारी वाढली तशी कुशल माणसांची टंचाई जाणवू लागली. १९५९ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजना निघाली, पण ती ऐच्छिक होती. म्हणून १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा झाला आणि १ मार्च १९६२ पासून तो अमलात आला. १८५० चा जुना कायदा त्याने रद्द केला. सुरुवातीला हा कायदा फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, वेल्डर अशा कारागिरी ट्रेडपुरता होता. पदवी-पदविका घेतलेल्या अभियंत्यांची बेकारी चिंतेचा विषय झाल्यावर १९७३ च्या दुरुस्तीने त्यांनाही त्यात घेतले. १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमातही शिकाऊ उमेदवारीचा विस्तार हे एक कलम होते. १९८६ मध्ये बारावीच्या व्यावसायिक शाखेचे विद्यार्थी आले. २०१४ मध्ये मोठा बदल झाला: सरकारी यादीबाहेरचे ट्रेड आखण्याची मुभा उद्योगांना मिळाली आणि कायदा मोडणाऱ्या मालकाला असलेली कैदेची शिक्षा जाऊन फक्त दंड राहिला. आज ३० किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. हे प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के असावे लागते आणि मनुष्यबळ मोजताना कंत्राटी कामगारही धरावे लागतात. हे शेवटचे कलम महत्त्वाचे आहे, कारण अनेक कारखान्यांत कायम कामगारांपेक्षा कंत्राटी माणसेच जास्त दिसतात.

विद्यावेतनाचे किमान दर २०१९ च्या नियमांनी शिक्षणानुसार ठरवले. दहावी उत्तीर्ण मुलाला महिना ६,००० रुपये, आयटीआय झालेल्याला ७,०००, पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला ९,०००. प्रशिक्षण एका वर्षापेक्षा लांबले तर दुसऱ्या वर्षी दहा टक्के आणि तिसऱ्या वर्षी पंधरा टक्के वाढ द्यावी लागते. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने या दरांत ३६ टक्के वाढीची शिफारस केली. त्यानुसार पदवीधराचा, म्हणजे सर्वांत वरचा, दर सुमारे १२,३०० रुपये होतो. हे आकडे किमान आहेत. चांगल्या कंपन्या त्यापेक्षा बरेच जास्त देतात, शिवाय जेवण आणि बस देतात. या खर्चाचा काही भार केंद्र सरकार उचलते: कारागिरी ट्रेडसाठी २०१६ च्या योजनेनुसार विद्यावेतनाच्या चौथ्या हिश्शापर्यंत, पण महिना १,५०० रुपयांपर्यंतच, पदवी-पदविकाधारकांसाठी किमान दराच्या निम्मा. म्हणजे या शिक्षणात जनतेचा पैसा आहे, आणि ते नीट होते की नाही हे विचारण्याचा हक्क जनतेलाही आहे.

भरती होते ती आयटीआयमधील मेळाव्यांतून, कंपनीच्या जाहिरातीतून किंवा केंद्र सरकारच्या पोर्टलवरून. लेखी परीक्षा, तोंडी मुलाखत, वैद्यकीय तपासणी हे टप्पे असतात. वेल्डर, पेंटर, इलेक्ट्रिशियन यांच्या तपासणीत नजर आणि रंगांधळेपणा काळजीपूर्वक पाहतात. मग करारपत्र. त्यावर कंपनी आणि उमेदवार सही करतात; उमेदवार अज्ञान असेल तर त्याचे पालक करतात. कमीत कमी वय १४ आहे, धोकादायक उद्योगांत १८. हा करार शिकाऊ उमेदवारी सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याकडे नोंदवला गेला पाहिजे. बिननोंदणीच्या करारावर केलेली उमेदवारी कायद्याच्या खाती जमा होत नाही आणि शेवटी प्रमाणपत्रही मिळत नाही. कित्येक मुलांना हे मुदत संपल्यावर समजते, आणि तोवर वर्ष गेलेले असते.

पहिले काही दिवस सुरक्षेचे धडे असतात. पिवळ्या पट्ट्यांच्या आतूनच चालायचे, फोर्कलिफ्ट वळते तिथे थांबायचे, क्रेनने उचललेल्या मालाखालून जायचे नाही, आग लागली तर कुठे जमायचे. त्यानंतर दहावी-बारावीवरून थेट आलेल्या मुलांना मूलभूत प्रशिक्षणाला घेतात. त्याच ट्रेडचा आयटीआय केलेल्यांना कायद्याने यातून सूट आहे, पण जुन्या, नावाजलेल्या प्रशिक्षण केंद्रांत त्यांनाही काही आठवडे कामाच्या बाकापाशी उभे करतात. हे योग्यच आहे, कारण अनेक आयटीआयमध्ये यंत्रे थोडी आणि मुले फार अशी स्थिती असते.

बाकावरचे पहिले काम कानसकाम. मुलाला मऊ पोलादाच्या पट्टीचा एक तुकडा मिळतो. शॉपमध्ये त्याला ‘जॉब’ म्हणतात. तो व्हाइसमध्ये पकडून, करवतीने मापाला कापून, कानशीने सपाट आणि काटकोनात आणायचा. ऐकायला हे सोपे वाटते. कानस फक्त पुढे जाताना कापते, मागे आणताना दाब सोडावा लागतो. नाही तर दात बोथट होतात. पुढे ढकलताना सुरुवातीला डाव्या हाताचा भार जास्त, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा आणि शेवटाला उजव्या हाताचा जास्त, असा भार सरकत गेला पाहिजे. तो सरकला नाही तर कानस तराजूच्या दांडीसारखी वरखाली होते आणि जॉबच्या कडा उतरून मध्ये फुगवटा राहतो. डोळ्यांना तो दिसत नाही. निदेशक गुण्या लावून जॉब उजेडाकडे धरतो, आणि पात्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसली की जॉब परत. मग पुन्हा व्हाइस, पुन्हा कानस. नवख्या मुलाच्या तळहाताला पहिल्या आठवड्यात फोड येतात, दुसऱ्या आठवड्यात घट्टे पडतात. व्हाइसची उंची कोपराशी जुळली नाही तर कंबर भरून येते.

पुढचा टप्पा निळ्या रंगाचा. सरफेस प्लेटवर प्रुशियन ब्लूचा अगदी पातळ थर देऊन जॉब त्यावर हलकेच फिरवतात. जिथे निळे डाग उमटले ते उंचवटे, तेवढेच घासायचे. डाग जसजसे जास्त ठिकाणी आणि सारखे पसरू लागतात तसतसा पृष्ठभाग सपाट होत आल्याचे कळते. कानशीच्या दातांत लोखंडाचा कण अडकला तर जॉबवर खोल ओरखडा पडतो, म्हणून दातांवर खडू घासायचा, ताराच्या ब्रशने ती साफ करायची. शेवटी नर-मादी जोड करायला देतात: एका पट्टीत चौकोनी खाच, दुसरा तुकडा तिच्यात बसणारा. तुकडा उलटा-सुलटा फिरवून कुठूनही घातला तरी बसला पाहिजे आणि फटीतून उजेड येता कामा नये. जो मुलगा हे साधतो त्याच्या हाताला माप कळू लागलेले असते. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या काळात महिनाभर कानस कशाला घासायची, असे मुलांना वाटते, काही व्यवस्थापकांनाही वाटते. पण धातू किती हट्टी असतो आणि एक दशांश मिलिमीटर किती मोठा असतो, हे ज्याने हाताने अनुभवले नाही त्याला सीएनसी यंत्राच्या पडद्यावरचा आकडा नुसता आकडाच राहतो.

मापनाचे शिक्षण याच्या जोडीने चालते. व्हर्निअर कॅलिपरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत आणि मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटरपर्यंत माप वाचता येते. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो, यावरून या मापांची कल्पना येईल. मायक्रोमीटर आवळताना रॅचेटनेच फिरवायचा, जोर लावला की माप खोटे येते. हातात बराच वेळ धरलेला जॉब गरम होऊन किंचित वाढतो, तोही लगेच मोजायचा नाही. भोक पाडून आटे घेताना एम-१० साठी साडेआठ मिलिमीटरचे ड्रिल लागते, हे कोष्टक पाठ होते. टॅप थोडा पुढे आणि पाव फेरा मागे फिरवायचा, तेल सोडत राहायचे, नाही तर टॅप आत तुटतो आणि केलेला जॉब वाया जातो.

लेथवर नेण्यापूर्वी काही नियम घोटून घेतात. चकची चावी चकमध्ये ठेवून कधीही दूर व्हायचे नाही. यंत्र सुरू झाले तर ती चावी गोळीसारखी सुटते. फिरत्या यंत्रावर हातमोजे घालायचे नाहीत, कारण मोजा अडकला की हात ओढला जातो. अंगठी, गळ्यातली माळ, मनगटावरचा दोरा काढून ठेवायचा, बाह्या घट्ट ठेवायच्या. कातताना निघणारा धारदार लोखंडी कीस हाताने ओढायचा नाही, आकडीने काढायचा. देखभाल विभागात जाणाऱ्या इलेक्ट्रिशियनला स्वतःचे कुलूप देतात: यंत्र दुरुस्तीला घेतले की वीज तोडून स्विचला ते कुलूप लावायचे, आपल्या नावाची पाटी टांगायची, आणि काम संपल्यावर ते ज्याने लावले त्यानेच काढायचे. सुरक्षा आणि आरोग्याबाबत कामगाराला जे संरक्षण आहे तेच कायद्याने शिकाऊ उमेदवाराला आहे, आणि कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची आहे.

मूलभूत प्रशिक्षण संपले की मुले शॉपवर जातात. वाहन कारखान्यात प्रेस शॉप, बॉडी शॉप, पेंट शॉप, इंजिन, जोडणीची लाइन, टूल रूम, देखभाल, गुणवत्ता असे विभाग असतात. लाइनवर सोडण्याआधी हल्ली बहुतेक कंपन्यांत ‘डोजो’ नावाच्या खोलीत सराव घेतात. जपानी पद्धतीची ही खोली आता चाकणच्या पट्ट्यात सगळ्यांच्या तोंडी आहे. तिथे बोल्ट हाताने सरळ बसवणे, टॉर्क रेंचचा ‘टक्’ आवाज येताच थांबणे, आवळलेल्या बोल्टवर रंगाची खूण करणे, वायरचे कनेक्टर नीट बसल्याची खात्री करणे, अशा साध्या क्रिया पुन्हा पुन्हा करून घेतात. ठरलेल्या सेकंदांत ठरलेल्या संख्येने काम जमले तरच लाइनवर उभे करतात. खूण नसलेला एक बोल्ट पुढे गेला तर त्याचा अर्थ रस्त्यावर एखाद्या कुटुंबाच्या गाडीचे चाक ढिले होणे असा होऊ शकतो. हे ज्या निदेशकाने मनावर बिंबवले त्याने मुलाला अर्धा धंदा शिकवला.

लाइनची गती हा मुलाला बसणारा मोठा धक्का असतो. दुचाकीच्या लाइनवर एका केंद्रावरचे काम मिनिटाच्या आत संपवावे लागते, आणि तेच पाळी संपेपर्यंत. चूक लक्षात आली तर दोरी ओढून किंवा बटण दाबून इशारा द्यायचा असतो, पण लाइन थांबवण्याची भीती नव्या मुलाच्या मनात मोठी असते. इथे जुने कामगार उपयोगी पडतात. त्यांना मुले ‘काका’ किंवा ‘मामा’ म्हणतात, सुपरवायझरला ‘साहेब’ किंवा ‘सर’. यंत्राचा आवाज बदलला म्हणजे बेअरिंग जाणार, कूलंटचा वास बदलला म्हणजे ते खराब झाले, वेल्डिंगच्या ठिणग्या जास्त उडू लागल्या म्हणजे टोक झिजले, असले ज्ञान कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. ते काका लोकांकडून मिळते, आणि तेही मुलगा आधी चार दिवस गुपचूप झाडलोट, हत्यारांची मांडणी आणि तेलपाणी मनापासून करतो तेव्हा.

पदवी-पदविकाधारक अभियंत्यांची उमेदवारी वेगळ्या वळणाने जाते. सहा महिने ते एक वर्षाच्या मुदतीत त्यांना उत्पादन नियोजन, गुणवत्ता, देखभाल, खरेदी, डिझाइन यांतून फिरवतात. पश्चिम भारतात त्यांच्या उमेदवारीचे काम मुंबईत असलेले शिकाऊ प्रशिक्षण मंडळ पाहते. नाकारलेल्या मालाची आकडेवारी काढणे, एका दोषामागे पाच वेळा ‘का’ विचारून मुळापर्यंत जाणे, यंत्राचा बंद वेळ नोंदवून त्याची कारणे लावणे, अशी कामे त्यांच्याकडे येतात. कॉलेजात पाठ केलेले सूत्र आणि शॉपमधली वस्तुस्थिती यांतील अंतर इथे कळते. जो अभियंता या वर्षात ऑपरेटरशी बरोबरीने बोलायला शिकतो तो पुढे चांगला व्यवस्थापक होतो.

कारखान्याबाहेरचे आयुष्य बहुतेक वेळा तंगीचे असते. लातूर, बीड, जालना, नांदेड, सांगली, सोलापूरकडची मुले भोसरी, निगडी, तळवडे, चाकण इथे चार-पाच जणांत एक खोली घेतात किंवा ‘कॉट बेसिस’वर राहतात. पहिल्या पाळीची बस पहाटे पकडायची तर साडेचार-पाचला उठावे लागते. खोलीतले दोघे पहिल्या पाळीला, दोघे दुसऱ्याला आणि एक रात्रपाळीला असेल तर खोलीत दिवसाचे चोवीस तास कुणीतरी झोपलेले असते. आठवड्याला पाळी बदलते आणि शरीर जुळते न जुळते तोच पुढची पाळी येते. भाडे, मेस आणि मोबाइल रिचार्ज वजा जाता हातात जे उरते त्यातूनही पुष्कळ मुले घरी पैसे पाठवतात. कंपनीचे अनुदानित उपाहारगृह अशा मुलाला खरोखरच मोठा आधार असतो. पोटभर गरम जेवण मिळाले की मेसचा एक डबा वाचतो. उमेदवाराचे पीएफचे खाते नसते, त्याला बोनस नसतो. सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही, आणि अशी मंजुरी प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताची असेल तरच द्यायची असते. कामाच्या नगांवर विद्यावेतन ठरवायलाही कायद्याने बंदी आहे.

मुलींची संख्या गेल्या काही वर्षांत डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. जोडणी, वायरिंग, गुणवत्ता तपासणी यांत त्या आधीपासून होत्या. आता वेल्डिंग, सीएनसी, रोबोटची देखभाल इथेही दिसतात. त्यांच्या प्रशिक्षणाची अडचण कामाच्या अवघडपणात नाही. राहण्याची सुरक्षित जागा, रात्री घरापर्यंत सोडणारी बस, शॉपच्या जवळ स्वच्छतागृह, मापाचे सेफ्टी शूज या साध्या गोष्टी असल्या की मुली टिकतात, नसल्या की घरचे बोलावून घेतात.

आता मुख्य तक्रार. अनेक ठिकाणी शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्तातला हात अशी समजूत आहे. करारपत्रात फिटर लिहिलेले असते आणि मुलगा वर्षभर एकाच केंद्रावर चार बोल्ट आवळत उभा असतो, किंवा गोदामात खोकी उचलत असतो. मूलभूत प्रशिक्षण कागदावर, आठवड्याचा सिद्धांताचा तास कागदावर, आणि कामाची नोंदवही शेवटच्या आठवड्यात एकमेकांची पाहून भरलेली. मुदत संपली की त्याला सोडायचे आणि नवी तुकडी आणायची. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘नीम’ या कामावरच्या प्रशिक्षणाच्या योजनेखालीही पुण्याच्या पट्ट्यात असाच अनुभव फार मुलांना आला; ती योजना नंतर बंद झाली. या वागण्यात नुकसान एकट्या मुलाचे नाही. एकवीस-बावीस हे हात आणि डोके तयार होण्याचे वय आहे. ते वर्ष चार बोल्टांत गेले तर देशाने एक फिटर गमावला, आणि पुढे हेच उद्योजक कुशल माणूस मिळत नाही म्हणून गाऱ्हाणे सांगतात.

जर्मनीत हाच प्रश्न परीक्षा बाहेरच्याकडे देऊन सोडवला आहे. तिथला औद्योगिक उमेदवार साधारण साडेतीन वर्षे शिकतो. आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत. अंतिम परीक्षा उद्योग-व्यापार मंडळाच्या परीक्षकांपुढे होते. मुलाला काम येत नसेल तर कंपनीची अब्रू जाते. आपल्याकडेही अखिल भारतीय ट्रेड परीक्षा आहे आणि ती उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. पण कोणत्या कंपनीची किती मुले नापास झाली हे कुणी जाहीरपणे विचारत नाही. ते विचारले गेले तर बरीच सुधारणा आपोआप होईल.

पुढे नोकरी मिळते का? उमेदवारी पूर्ण झाल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन कायद्याने मालकावर नाही; २०१४ पासून एवढेच आहे की प्रत्येक मालकाने अशा उमेदवारांच्या भरतीबाबत स्वतःचे धोरण ठरवावे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सांगितले की बाकी सारे समान असेल तर प्रशिक्षित उमेदवाराला बाहेरच्या उमेदवारापेक्षा पसंती द्यावी. पसंती म्हणजे हमी नव्हे, आणि या दोहोंतील अंतराने कित्येक तरुणांची वर्षे खाल्ली आहेत. रेल्वेने आपल्या वर्कशॉपमधील उमेदवारांसाठी खालच्या श्रेणीच्या भरतीत २० टक्के जागा राखल्या. सगळ्यांनाच सेवेत घ्या, ही मागणी घेऊन २० मार्च २०१८ च्या सकाळी मुलांनी माटुंगा आणि दादरच्या दरम्यान रुळांवर ठिय्या दिला. मध्य रेल्वेची उपनगरी वाहतूक कित्येक तास ठप्प झाली. मुंबईकरांचे हाल झाले, पण वर्कशॉपमध्ये उमेदवारी करून बाहेर पडलेल्या मुलांचे पुढे काय होते, हे त्या दिवशी प्रथमच अनेकांना कळले.

खाजगी उद्योगात चित्र मिश्र आहे. काही कंपन्या चांगल्या मुलांना ठरावीक मुदतीच्या नोकरीवर घेतात, काहींना पुरवठादारांच्या कारखान्यांत जागा मिळते, काही मुले पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेतात. टूल रूम, सीएनसी, देखभाल आणि वेल्डिंगमध्ये ज्यांनी मनापासून काम शिकले त्यांना सहसा रिकामे बसावे लागत नाही. भोसरीच्या गल्ल्यांत दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन टाकून बसलेल्या लघुउद्योजकांत एके काळच्या अप्रेंटिसांची संख्या मोठी आहे.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली. तिच्यात बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये ठरले. ती राज्याची वेगळी योजना आहे. तिच्यातून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळत नाही, त्यामुळे दोन्हींची गल्लत करू नये.

करारपत्रावर सही करण्यापूर्वी मुलाने आणि त्याच्या आईवडिलांनी चार गोष्टी विचाराव्यात. करार पोर्टलवर नोंदवला आहे का आणि त्याचा क्रमांक काय. ट्रेड कोणता लिहिला आहे. कोणकोणत्या विभागांतून किती आठवडे फिरवणार. आणि मागच्या तुकडीतील किती मुले ट्रेड परीक्षेला बसली. उत्तरे लेखी मागावीत. रुजू झाल्यावर नोंदवही रोजच्या रोज स्वतः लिहावी आणि तिच्यावर सुपरवायझरची सही त्याच आठवड्यात घ्यावी. शिकवले जात नसेल, तर तक्रार आधी प्रशिक्षण विभागाकडे आणि मग शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे लेखी करावी. उमेदवार आणि मालक यांच्यातील करारासंबंधीच्या वादाचा निर्णय देण्याचा अधिकार कायद्याने या सल्लागाराला दिलेला आहे.